शूर नायिका ललिताबाई पवार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यवाह बाईंनी मला सांगितले. त्यांच्या मनात जिजाबाई, अहल्याबाई किंवा रमाबाई रानडे यांच्यापैकी कोणी असणार, हे मी ओळखले. पण त्या थोर स्त्रियांची चरित्रे आपण सर्वजणी लहानपणापासून वाचीत आलो आहोत. मी ललिता पवार यांचे नाव घेतले, तेव्हा बैठकीत एकदम हशा पिकला. कोणी तरी एक डोळा बारीक करून आणि मान वाकडी करून दाखविली, तसा तो हशा आणखी वाढला. पूर्वी अशा हशात मीही सामील असे. म्हणूनच हे चरित्र लिहावे असे मला वाटले.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. घरातली रोगराई, इडापिडा आणि वर्षभराचा राग, सारे त्या बाहुलीच्या माथी मारायचे आणि तिला वाजतगाजत नेऊन जाळायचे, अशी आपली जुनी रीत आहे. बोलपटांनी ललिताबाईंना अशीच घराघरांची मारबत करून टाकले होते. कोणाची सासू खाष्ट निघाली, कोणाची नणंद काड्या करणारी निघाली, की तिला ललिता पवार म्हणून मोकळे व्हायचे. त्यांचा तो अर्धवट मिटलेला डावा डोळा म्हणजे दुष्टपणाची खूण, असे आम्ही धरून चाललो होतो. तो डोळा तसा का झाला, हे आमच्यापैकी कोणीही कधी विचारले नाही.

मी १९६५ साली लग्न होऊन महालातल्या एका वाड्यात आले. वाड्यात चार बिऱ्हाडे होती आणि आम्ही तिघी तरुण सुना होतो. माझ्या एक चुलत सासूबाई होत्या. त्यांना सगळा वाडा काकू म्हणत असे. त्या स्वभावाने कडक होत्या. पूर्वी कधी तरी त्यांच्या तोंडावरून वारे गेले होते, त्यामुळे एक डोळा पुरता मिटत नसे आणि तोंड किंचित एका बाजूला ओढलेले दिसे. उन्हाळ्यात धूळ उडू लागली की त्या पदराने तो डोळा झाकून घेत, आणि रात्री निजताना त्यावर ओली चिंधी बांधीत. आम्ही सुनांनी आपसात त्यांचे नाव ललिता पवार ठेवले. एके दिवशी विहिरीवर आमची ही थट्टा रंगात आली असताना काकू मागेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. कळशी उचलून निघून गेल्या. पण त्यानंतर चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या पुढच्या खोलीत कधी बसल्या नाहीत. आत बसून डाळ वाटून देत, पन्हे करून देत, पण बाहेर येत नसत. कारण सर्वांना ठाऊक होते आणि कोणीच ते बोलून दाखविले नाही. मीही नाही. काकू १९७८ साली गेल्या.

पुढे १९९८ साली ललिताबाई वारल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांची माहिती आली. त्या डोळ्याची हकीकत मी तेव्हा पहिल्यांदा वाचली आणि हातातले वर्तमानपत्र तसेच राहिले. ज्या स्त्रीच्या नावाने मी काकूंना हिणविले होते, ती स्त्री मुळात कोण होती, हे तोपर्यंत मला माहीतच नव्हते.

नाशिक जिल्ह्यातले येवले हे पैठणीचे गाव. तेथे १८ एप्रिल १९१६ रोजी ललिताबाईंचा जन्म झाला. त्यांचे माहेरचे नाव अंबा आणि आडनाव सगुण. वडील लक्ष्मणराव यांचा रेशमी आणि सुती कापडाचा मोठा व्यापार होता. अशा खात्यापित्या घरातली मुलगी सिनेमात जाईल, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला स्त्री मिळाली नाही. शेवटी साळुंके नावाच्या एका पुरुषालाच लुगडे नेसवून उभे करावे लागले, ही गोष्ट आपणांस माहीत आहेच. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९२८ साली, त्याच नावाच्या दुसऱ्या एका मूकपटात ही बारा वर्षांची अंबा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पुढे अंबाची ललिता झाली.

त्यांच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी ‘दिलेर जिगर’ हा १९३१ सालचा मूकपट पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीने काढला होता. दिग्दर्शक होते गणपतराव पवार. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले फारच थोडे आज शिल्लक आहेत, आणि त्या थोड्यांत हा एक आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याला भाचीकडे गेले असताना तिच्या यजमानांनी मला तो दाखविला. कथा म्हटली तर आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीसारखी. चांगल्या राजाला त्याचाच भाऊ कपटाने मारतो, बाळ राजपुत्राला इमानी सेवक वाचवितो, तो मुलगा सामान्य लोकांत वाढतो, आणि मोठा झाल्यावर तलवारीच्या जोरावर आपले राज्य परत घेतो. परंतु मी पाहत होते ती नायिकेला. रस्त्यावर कसरती करणारी, चपळ, निर्भय अशी ती पोर होती, पंधरा वर्षांची. दुष्ट राजाचा तिच्यावर डोळा असतो, पण ती रडत बसत नाही. तोंडावर मुखवटा चढवून तीही लढायला उतरते. डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाचा ‘मार्क ऑफ झोरो’ १९२० साली निघाला, त्या धर्तीचा हा मुखवटा. त्या मुलीचे दोन्ही डोळे चांगले टपोरे होते. ते पाहून मला भरून आले.

अशा चित्रपटांना आपल्याकडे स्टंटचे चित्रपट म्हणत. भगिनींनो, आपल्यापैकी जुन्या मंडळींना ते आठवत असतील. माझे माहेर गणेशपेठेतले. एम्प्रेस मिलचा भोंगा आमच्या घरात स्पष्ट ऐकू येई. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी आता नाही, तिच्या जागेवर मॉल उभा आहे. पण माझ्या लहानपणी पाळी सुटली की कामगारांचे थवे सिनेमाच्या खिडकीशी उभे राहत. ‘हातिमताई’ आला तो १९५६ साली आणि ‘झिंबो’ १९५८ साली. माझे भाऊ चोरून ते पाहून येत आणि अंगणात फुटपट्ट्यांच्या तलवारी करून लढत. आम्हां मुलींना मात्र मज्जाव होता. वडिलांच्या मते ते चित्रपट पुढच्या बाकांवरच्या लोकांसाठी होते, कुलीन मुलींसाठी नव्हते.

त्या चित्रपटांना पैसा थोडा लागे, कारण त्यांत पैसा घालायला कोणी फारसे तयारही नसे. घोडे, तलवारी, दोरावरून झोके, रंगविलेला राजवाडा आणि शेवटी जोरदार मारामारी, एवढी सामग्री झाली की चित्रपट उभा राही. जे महाग असे ते माणसाच्या अंगावरून वसूल केले जाई. उडी मारायची ती खरी मारायची, पडायचे ते खरे पडायचे. पुरुषांत मास्टर विठ्ठल तलवारबाजीसाठी प्रसिद्ध होते. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाचे नायकही तेच. १९३५ साली ‘हंटरवाली’ने नाडिया या बाईंना घराघरांत नेऊन पोचविले. त्याच साली ललिताबाईंचा ‘हिंमत-ए-मर्दा’ आला. पडद्यावर बाई चाबूक घेते, तलवार घेते, अन्यायी सरदाराला खाली पाडते, हे पाहून पुढच्या बाकांवरचे लोक शिट्ट्या मारीत. वडीलधाऱ्यांनी आम्हांला ज्यापासून दूर ठेवले, त्यात शूर बायका होत्या, हे आम्हांला कोणी सांगितले नाही.

ललिताबाई नुसत्या नायिकाच नव्हत्या. ‘कैलास’ या १९३२ सालच्या मूकपटात त्यांनी काम केले आणि त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा होते. पुढे १९३८ साली टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या ‘रिसरेक्शन’ या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनी स्वतः काढला. बावीस वर्षांच्या बाईने व्यवहाराची एवढी जबाबदारी घेणे ही आजही सोपी गोष्ट नाही. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ १९३९ साली आणि मास्टर विनायकांचा, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा ‘अमृत’ १९४१ साली आला. या दोन्हींत त्या होत्या. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता, पण तो संसार टिकला नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी दुसरा संसार मांडला. पवार हे नाव मात्र लोकांच्या तोंडी बसले होते, ते तसेच राहिले.

आता १९४२ साल आले. ललिताबाईंचे वय सव्वीस होते आणि नायिका म्हणून त्यांचा जम बसला होता. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे काम चालू होते. एका प्रसंगात नटाने त्यांना थोबाडीत मारायची होती. ते नट होते मास्टर भगवान, म्हणजे भगवान आभाजी पालव. हे आपल्या विदर्भातले. १९१३ साली अमरावतीला जन्मलेले, गिरणी कामगाराचे पुत्र, मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेले. १९३८ सालापासून ते स्वतःही कामगारांसाठी थोड्या पैशांत स्टंटचे चित्रपट काढीत होते. थप्पड हलकी बसायची ती चुकून फार जोरात बसली. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली.

तीन वर्षे उपचार चालले. चेहरा बराचसा सुधारला, पण डावा डोळा पूर्ववत झाला नाही. तो कायमचा बारीक राहिला. घरकाम करणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला असे काही झाले तर तिला दुःख होते, पण तिचे काम अडत नाही. सिनेमातल्या नायिकेचे पोटच चेहऱ्यावर असते. सव्विसाव्या वर्षी तिचा नायिकेचा धंदा संपला, आणि तोही दुसऱ्याच्या हाताच्या एका चुकीने. भगवान यांच्या मनात वाईट काही नव्हते. अशा कामात माप चुकायला एक क्षण पुरतो, आणि त्याची किंमत समोरचा माणूस जन्मभर देतो.

येथे ललिताबाईंनी जे केले त्यासाठी मी त्यांना शूर म्हणते. मुखवटा लावून तलवार चालविण्यापेक्षा हे मोठे होते. त्या घरात बसल्या नाहीत. उपचारांचा तो काळ पुरता सरला नव्हता, तोच १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. त्यात गजानन जागीरदार रामशास्त्री होते आणि ललिताबाई आनंदीबाई. ध चा मा करणारी आनंदीबाई आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचली होती, त्यांनी ती डोळ्यांपुढे उभी केली. नायिकेचे काम गेले तर दुसरे काम असते, आणि तेही तितक्याच जिवाने करता येते, हे त्यांनी स्वतःला समजाविले असले पाहिजे. व्यंग झाकण्यासाठी त्यांनी पदर ओढला नाही. तोच डोळा त्यांनी अभिनयात घेतला. तो बारीक करून त्या सुनेकडे पाहत, तेव्हा संवादाची गरज उरत नसे.

व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ १९५० साली निघाला. हुंड्यासाठी सुनेचा जीव नकोसा करणारी सासू त्यांनी त्यात उभी केली. आपल्या देशात हुंड्याविरुद्धचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ साली झाला. थिएटरात बसलेल्या कित्येक सासवांनी त्या आरशात स्वतःला पाहिले असेल. बायका ललिताबाईंना शिव्या देत घरी येत. त्या शिव्या म्हणजेच त्यांच्या कामाची पावती होती. ‘जंगली’ मधली शिस्तखोर आई, ‘प्रोफेसर’ मधली करडी आत्या, अशा कितीतरी भूमिका मागोमाग आल्या. ‘प्रोफेसर’ मध्ये तर त्याच करड्या बाईच्या मनात म्हाताऱ्या शिक्षकाविषयी प्रेम उपजते आणि तिची लाजरी धांदल पाहून हसता हसता पुरेवाट होते. तो शिक्षक म्हणजे वेष बदललेला शम्मी कपूर असतो, हे आपणांस आठवत असेलच.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. १९५५ सालच्या ‘श्री ४२०’ मध्ये त्या केळी विकणारी गंगामाई झाल्या. १९५९ साली ‘अनाडी’ आला. त्यात त्या मिसेस डिसा नावाच्या घरमालकीण आहेत. भाडे थकविणाऱ्या पोराला ही बाई तोंडाने फाडून खाते, पण तो जेवला की नाही याची काळजी तिला रात्रंदिवस असते. शेवटी भेसळीच्या औषधाने ती मरते, तेव्हा सारे थिएटर रडते. या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. तुम्ही हे दोन्ही चित्रपट पुन्हा पाहा. डोळा तोच आहे. ‘दहेज’ मध्ये ज्याची आपल्याला भीती वाटली, तोच डोळा ‘अनाडी’ मध्ये मायेने ओला होतो. म्हणजे दुष्टपणा त्या डोळ्यात कधीच नव्हता. तो भूमिकेत होता, आणि उरलेला आम्ही पाहणाऱ्यांनी आपल्या मनातून घातला होता.

ही गोष्ट मला वयाच्या विसाव्या वर्षी कळली असती तर बरे झाले असते. काकू रागावत, हे खरे. पण पहाटे उठून आम्हां तिघींसाठी पाणी तापविणाऱ्याही त्याच होत्या. माझ्या पहिल्या बाळंतपणात सव्वा महिना मला डिंकाचे लाडू त्यांनीच केले. त्यांचा राग आम्ही त्यांच्या डोळ्यात वाचला आणि त्यांची माया त्यांच्या हातांत असून वाचली नाही.

ललिताबाईंना १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगतात. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, तेव्हा पाठीला बाक काढून मंथरा आली, ती ललिताबाईच होत्या. वय सत्तरीच्या पुढे गेले होते. बारा वर्षांच्या पोरीने सुरू केलेले काम साठ वर्षांनंतरही चालू होते. घराघरांतल्या नातवंडांनी पुन्हा त्यांचा राग राग केला. मंथरेचे काम करणाऱ्या बाईला याहून मोठे बक्षीस कोणते?

अखेरच्या काळात त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. पुण्यात औंध येथे २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांच्या हातून ती चूक घडली त्या भगवानदादांनी पुढे १९५१ साली ‘अलबेला’ काढून अमाप पैसा आणि कीर्ती मिळविली. नंतर ते वैभव सारे गेले. बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरला साध्या जागेत त्यांनी डोळे मिटले. थोड्या पैशांच्या त्या चित्रपटांनी आपल्या माणसांना फार काही परत दिले नाही. त्यांच्या बहुतेक फिती आज पाहायलाही मिळत नाहीत. एक ‘दिलेर जिगर’ उरला आहे, आणि त्यात दोन्ही टपोऱ्या डोळ्यांची ती पंधरा वर्षांची मुलगी अजून उड्या मारते आहे.

हे चरित्र मी काकूंना वाचून दाखवू शकत नाही. ती वेळ मी दवडली. पण आपल्या मंडळात आज सुना आहेत, सासवा आहेत, आणि ज्यांच्या चेहऱ्यावर आजाराने किंवा अपघाताने खूण ठेवली आहे अशाही भगिनी आहेत. त्यांच्यापैकी एखादी अलीकडे कार्यक्रमाला येत नसेल, किंवा आली तर मागच्या सतरंजीवर बसत असेल, तर तिला हाताला धरून पुढे आणून बसवा. येत्या चैत्रात आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला माझ्या शेजारची एक जागा मी मोकळी ठेवणार आहे. ती कोणासाठी हे आपणांस आता ठाऊक आहे. पण काकू येणार नाहीत, म्हणून जी कोणी मागे बसली असेल तिने ती जागा घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.